स्ट्रिक्ट डॉकटाइप न मोडता लिंक नव्या विंडोत कशी उघडायची

सगळ्यात आधी पानाची पहिली ओळ, म्हणजे डॉकटाइप, बघा; पान कोणत्या नियमावलीने लिहिलंय ते ती सांगते. डॉकटाइप एचटीएमएल ५चा असेल तर पुढची कसरत करूच नका. तिथे लिंक कुठल्या विंडोत उघडायची ते सांगणारं टार्गेट हे ॲट्रिब्यूट (टॅगमध्ये लिहायचा गुणधर्म) नियमात बसतं. त्यात अंडरस्कोर ब्लँक, म्हणजे ‘नवी विंडो’, लिहा, रेल या लिंकचं नातं सांगणाऱ्या ॲट्रिब्यूटमध्ये नोओपनर घाला (ते का, हे पुढे येतंच), झालं. ‘टार्गेट बाद झालंय’ हे पालुपद एचटीएमएल ४.०१ स्ट्रिक्ट (१९९९), एक्सएचटीएमएल १.० स्ट्रिक्ट (२०००) आणि एक्सएचटीएमएल १.१ (२००१) यांच्यापुरतंच खरं आहे. जुन्या साइटची देखभाल गळ्यात पडली आणि करारात ‘व्हॅलिडेटरमध्ये शून्य चुका’ अशी अट असली, की गाठ या तिघांपैकी एकाशी पडते.

तिथे टार्गेट लिहिलंत की व्हॅलिडेटर, म्हणजे पान नियमात बसतं का ते तपासणारं साधन, म्हणतं, या नावाचं ॲट्रिब्यूटच नाही. यावर तीन पळवाटा हमखास सुचवल्या जातात. तिन्ही वाईट.

पहिली, डॉकटाइप ट्रान्झिशनल, म्हणजे जुनी ॲट्रिब्यूटं चालवून घेणारा, करा. टार्गेट चालतं, पण ब्राउझर पान मांडण्याची पद्धत थोडी बदलतो आणि टेबलात बसवलेल्या चित्रांखालची जागा हलते. एका लिंकसाठी अख्ख्या साइटचा लेआउट पुन्हा तपासत बसाल. दुसरी, डॉकटाइपमध्येच टार्गेटची व्याख्या जोडा. व्हॅलिडेटर खूश होतो, पण पान नेहमीसारखं टेक्स्ट-एचटीएमएल म्हणून (सर्व्हरने ‘हे साधं एचटीएमएल’ असं ब्राउझरला सांगून) गेलं तर वरच्या कोपऱ्यात चौकोनी कंस आणि बाणाचं चिन्ह उमटतं. तिसरी, एचरेफ या लिंकचा पत्ता लिहायच्या ॲट्रिब्यूटमध्ये पत्त्याऐवजी ‘जावास्क्रिप्ट कोलन’. हे तर करूच नका: मधल्या बटणाने क्लिक केलं की रिकामा टॅब उघडतो आणि पत्ता कॉपीही करता येत नाही.

योग्य रस्ता असा.

१. एचरेफमध्ये खरा, पूर्ण पत्ता ठेवा आणि रेलमध्ये ‘एक्स्टर्नल’ लिहा. रेल स्ट्रिक्टमध्ये चालतं. विंडो उघडायचं काम एक छोटी जावास्क्रिप्ट करेल.

२. स्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. पानातच लिहिलीत तर फॉर लूपमधलं ‘पेक्षा लहान’ चिन्ह एक्सएमएलच्या (एक्सएचटीएमएल ज्यावर उभं आहे त्या भाषेच्या) नजरेत नव्या टॅगची सुरुवात ठरतं, आणि पान खरोखर एक्सएचटीएमएल म्हणून पाठवलं असेल तर फायरफॉक्स मजकुराऐवजी पिवळा एरर दाखवतो. स्क्रिप्टच्या टॅगला टाइप द्या, लँग्वेज देऊ नका. आणि तो टॅग स्वतःतच बंद करू नका, शेवटचा टॅग वेगळा लिहा. नाहीतर टेक्स्ट-एचटीएमएलमध्ये पुढचं सगळं पान स्क्रिप्टच्या पोटात जातं.

३. आता खरी मेख. स्क्रिप्टने पानातले सगळे ‘ए’ टॅग गोळा करायचे, ज्यांच्या रेलमध्ये एक्स्टर्नल आहे त्यांचं टार्गेट अंडरस्कोर ब्लँक करायचं. ऐकायला दोन ओळींचं काम. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

रेल हे ॲट्रिब्यूट प्रत्येक ‘ए’ला नसतं. पानातल्या पानात उडी मारायला ठेवलेल्या नुसत्या नेम-वाल्या अँकरपाशी ॲट्रिब्यूट वाचणारं गेट-ॲट्रिब्यूट नल, म्हणजे ‘काहीच नाही’, देतं, त्यावर तुकडे करणारं स्प्लिट चालवलंत की स्क्रिप्ट तिथेच मरते. लक्षण ओळखीचं आहे: वरच्या लिंका नव्या विंडोत उघडतात, खालच्या नाहीत. आधी रेल आहे का ते विचारा, मग पुढे जा.

रेलची तुलना थेट ‘बरोबर एक्स्टर्नल’ अशी करू नका. कुणीतरी नंतर त्यात सर्च इंजिनांसाठीचं नोफॉलो जोडतं आणि तुलना फसते. मोकळ्या जागेवर तुकडे करा आणि त्यांत एक्स्टर्नल शोधा.

अंडरस्कोर विसरू नका. नुसतं ‘ब्लँक’ म्हणजे त्या नावाची एक विंडो; मग प्रत्येक लिंक त्याच एका विंडोत उघडत राहते आणि ती मागे दडली असेल तर वाचकाला वाटतं, क्लिक झालंच नाही. स्क्रिप्टमधली ही चूक व्हॅलिडेटर पकडणार नाही.

टार्गेटबरोबर रेलमध्ये नोओपनरही जोडा, आधीचे शब्द न पुसता. नाहीतर उघडलेलं पान ओपनरमार्फत (नव्या विंडोला मिळणाऱ्या मूळ विंडोच्या दुव्यामार्फत) तुमच्या मूळ टॅबचा पत्ता बदलू शकतं. फायरफॉक्स ७९ आणि क्रोम ८८पासून हे संरक्षण आपोआप मिळतं, त्याआधीच्यांत नाही.

हे सगळं एका फंक्शनमध्ये घाला. डॉम, म्हणजे ब्राउझरने पानातून बांधलेली टॅगांची रचना, तयार झाल्यावर ते चालवा. हेडमध्ये लगेच चालवलंत तर लिंका अजून जन्मलेल्याच नसतात. मागाहून आलेल्या मजकुरावर तेच फंक्शन पुन्हा चालवा आणि ज्या लिंकला टार्गेट लागलंय ती सोडून द्या.

स्क्रिप्टमधून थेट विंडो उघडणाऱ्या विंडो डॉट ओपनच्या वाटेला जाऊ नका. थेट क्लिकमधून न बोलावल्यास पॉपअप ब्लॉकर अडवतो, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण नोओपनर दिलं की ते विंडो उघडूनही नल परत करतं. ‘नल आलं म्हणजे अडवलं, मग लिंक त्याच विंडोत जाऊ द्या’ अशी जुनी तपासणी असेल, तर नवी विंडोही उघडते आणि मूळ पानही निघून जातं.

‘ही नियमाला दिलेली हुलकावणी आहे’ असा आक्षेप येतो. मला तो पटत नाही. स्ट्रिक्टने टार्गेट काढलं ते मार्कअपमधून. डॉममध्ये अँकरला टार्गेट आहेच, आणि विंडो उघडणं हे वर्तन आहे, त्याची जागा स्क्रिप्टमध्ये.

४. वाचकाला आधी सांगा. आपल्याकडच्या सरकारी साइटींवर बाहेरच्या लिंकपाशी ‘नवीन विंडोमध्ये उघडते’ अशा अर्थाची सूचना असते, तसंच. पण ती मार्कअपमध्ये लिहू नका: स्क्रिप्ट बंद असेल तर लिंक त्याच विंडोत उघडेल आणि सूचना खोटी ठरेल. त्याच फंक्शनमधून क्रिएट-एलिमेंट आणि क्रिएट-टेक्स्ट-नोडने लिंकच्या मजकुराशेवटी जोडा. डॉक्युमेंट डॉट राइट नको, एक्सएमएलमध्ये ते चालतच नाही.

आणि एक्स्टर्नल मोजक्याच ठिकाणी लावा. अर्धवट भरलेल्या फॉर्मशेजारची मदतीची लिंक नव्या विंडोत गेली तर ठीक. मेन्यूतली प्रत्येक लिंक तशी करणं म्हणजे वाचकाचं बॅक बटण काढून घेणं.

५. तपासा. व्हॅलिडेटरला पानाचा पत्ता किंवा मूळ सोर्स द्या. ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमधून कॉपी केलेलं द्याल तर त्यात स्क्रिप्टने लावलेलं टार्गेट दिसेल आणि नसलेल्या चुकीचा माग काढण्यात दुपार जाईल. मग जावास्क्रिप्ट बंद करून प्रत्येक लिंक दाबा: त्याच विंडोत, सूचनेविना उघडली पाहिजे.