ऑस्ट्रेलियातला 'फोर्टनाइट': पुण्याहून येणाऱ्यांसाठी

पुण्यात पगार महिन्याचा, घरभाडं महिन्याचं, पेपरवाल्याचं बिलही महिन्याचंच. ऑस्ट्रेलियात बरेचसे हिशेब 'फोर्टनाइट'वर चालतात. फोर्टनाइट म्हणजे सलग दोन आठवडे, नेमके १४ दिवस. सोमवारी कुणाला 'पंधरा दिवसांनी या' म्हटलं तर तो सोमवारीच येतो ना, तसंच. 'मंडे फोर्टनाइट' म्हणाले, तर येत्या सोमवारच्या पुढे आणखी दोन आठवडे मोजायचे.

विद्यार्थ्यांनी हा शब्द सगळ्यात गंभीरपणे घ्यावा. १ जुलै २०२३ पासून स्टुडंट व्हिसावर, कॉलेज चालू असताना, बहुतेकांना फोर्टनाइटला ४८ तासच काम करता येतं. सुट्टीत ही मर्यादा नाही. या नियमातला फोर्टनाइट सोमवारी सुरू होतो, आणि कुठल्याही सोमवारी. त्यामुळे प्रत्येक आठवडा मागच्याशीही जोडून मोजला जातो नि पुढच्याशीही. समजा, ओळीने तीन आठवडे २०, २८ आणि २४ तास काम केलं. पहिले दोन मिळून ४८, ठीक. पण दुसरा-तिसरा मिळून ५२, म्हणजे नियम मोडला! पगाराच्या स्लिपवरचा फोर्टनाइट वेगळ्या वारी सुरू होत असेल, तर तिच्यावरची बेरीज इथे कामाची नाही. दोन ठिकाणी नोकरी असेल तर तास एकत्र धरतात. तेव्हा सोमवार ते रविवार अशी स्वतःची वही ठेवा. मॅनेजर तुमच्या व्हिसाचा हिशेब ठेवेल या भरवशावर राहू नका.

पगार फोर्टनाइटने असला, तर वर्षात साधारण २६ वेळा होतो. तो काम झाल्यावर मिळतो, म्हणून पहिला पगार हातात पडायला दोन-तीन आठवडे सहज जातात. निदान महिन्याभराचा खर्च घरूनच घेऊन निघा.

भाड्याच्या जाहिरातीतला आकडा बहुधा आठवड्याचा असतो, वसुली मात्र अनेकदा फोर्टनाइटने किंवा महिन्याने. आठवड्याच्या भाड्याला चारने गुणून महिन्याचं भाडं काढू नका, कारण महिना २८ दिवसांचा नसतो. सातने भागा, ३६५ ने गुणा, १२ ने भागा. आठवड्याला ३०० डॉलर असतील तर महिन्याचे १२०० नाही, सुमारे १३०४ होतात. डिपॉझिट, म्हणजे इथला 'बाँड', याच्यावर वेगळा.

कचऱ्याचंही तेच. रिसायकलिंगचा डबा बऱ्याच भागांत फोर्टनाइटनेच उचलतात. वार चुकला की भरलेला डबा आणखी दोन आठवडे दारात. आपल्या भागाचं वेळापत्रक कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, वेबसाइटवर पत्ता टाकला की मिळतं.