लॉला ॲडमिशन घेताय? कॉलेज निवडण्याआधी आणि वर्ग सुरू व्हायच्या आधी काय करायचं

लॉच्या सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की सगळीकडे एकच चर्चा, इतक्या परसेंटाईलला कुठलं कॉलेज मिळेल. त्याच्या आधी स्वतःला एक विचारा, प्रॅक्टिस कुठे करायचीये? माझं ठाम मत आहे की लॉचं अर्धं शिक्षण कोर्टात बसून होतं, त्यामुळे कॉलेजपासून कोर्ट किती लांब आहे हे नावाइतकंच महत्त्वाचं. मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज 1855 पासूनचं आहे, बाबासाहेब आंबेडकर तिथे प्रिन्सिपॉल होते हे सगळं आहेच, पण तिथल्या मुलांना लेक्चर संपलं की चालत हायकोर्टात जाता येतं हा फायदा मला जास्त मोठा वाटतो. पुण्यात आयएलएस घेतलं तर शिवाजीनगर कोर्ट जवळ. नागपूर आणि संभाजीनगरला तर खंडपीठं आहेतच, आणि ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरलाही हायकोर्टाचं सर्किट बेंच (मुंबईबाहेर बसणारं पीठ) सुरू झालंय, त्यामुळे सांगली सातारा सोलापूर रत्नागिरी सिंधुदुर्गच्या मुलांनी मुंबई-पुण्याचा खर्च काढण्याआधी कोल्हापूरचा नीट विचार करा.

आता पात्रता थोडक्यात. बारावीनंतर पाच वर्षं किंवा ग्रॅज्युएशननंतर तीन वर्षं, ओपनला 45 टक्के, ओबीसीला 42, एससी-एसटीला 40. एक गोष्ट खूप जणांना उशिरा कळते, दहावी-बारावी न करता मुक्त विद्यापीठातून थेट डिग्री घेतली असेल तर तीन वर्षांच्या कोर्सला ती चालत नाही. राज्याच्या सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही आणि पेपर मराठीतही असतो, तेव्हा एकही प्रश्न सोडू नका. मुंबई, नागपूर, संभाजीनगरची तिन्ही नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी मात्र क्लॅट ह्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेवर भरतात, त्याचा फॉर्म वेगळा आणि बराच आधी निघतो.

ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरताना एकाच कॉलेजात अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन तुकड्या असू शकतात, फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो, म्हणून कोड नीट बघून भरा. बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता चालू वर्षाची आहे का हे कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारा, लाजू नका, कारण उद्या सनद (वकिलीचा परवाना) घेताना तेच कागद लागतात. आणि "कॉलेजला यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या" असं कुणी सांगितलं तर तिथून सरळ निघा. नियमाने 70 टक्के हजेरी लागते आणि खरं सांगायचं तर न जाता मिळालेली डिग्री घेऊन कोर्टात उभं राहिलात तर नुकसान तुमच्यापेक्षा पक्षकाराचं जास्त होतं. कॉलेज बघायला जाल तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा, लायब्ररी किती वाजेपर्यंत उघडी असते, मूट कोर्ट (सरावासाठीचा लुटुपुटूचा खटला) खरंच होतं का, लीगल एडचं, म्हणजे गरजूंना मोफत कायदेशीर मदतीचं, काम चालतं का, हे तेच खरं सांगतील.

सीईटी झाल्यापासून कॅप राउंड, म्हणजे ॲडमिशनच्या फेऱ्या, संपून वर्ग भरेपर्यंत बरेच महिने जातात, ते वाया घालवू नका. सगळ्यात आधी बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा मूळ मजकूर, वाचायची सवय लावा, गाईड नाही. इंडिया कोड ह्या सरकारी साईटवर सगळे केंद्रीय कायदे फुकट आहेत. करार कायदा 1872 पासून सुरुवात करा, कलम 2 मधल्या व्याख्या आणि मग कलम 10, रोज दोन-तीन कलमं, प्रत्येकाला घरातलं नाहीतर गावातलं एक उदाहरण स्वतः लिहायचं, शेत खंडाने दिलं, रूम भाड्याने घेतली, असं काहीही. सिनियरची जुनी पुस्तकं घेताना बघून घ्या, 1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या (आयपीसी) जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे, खुनाचं 302 आता 103 झालंय आणि फसवणुकीचं 420 आता 318 मध्ये गेलंय. त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनाच आयपीसी लागतो म्हणून ती पुस्तकं रद्दीत टाकू नका, पण अभ्यास नव्यावर करा.

मराठी मीडियमच्या मुलांनी घाबरायचं काहीच कारण नाही. खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, दावा, कैफियत, उलटतपास, मनाई हुकूम हे शब्द तुम्हाला तिथे रोज लागणार, आणि ज्याला सातबारा आणि फेरफार वाचता येतो त्याची जमिनीच्या केसेसमध्ये निम्मी तयारी झालेली असते. पण हायकोर्टाचं काम इंग्रजीत चालतं, म्हणून रोज एका निकालाची दोन पानं इंग्रजीतून वाचा आणि काय ठरलं ते मराठीत चार ओळीत लिहा. मराठी टायपिंगही शिकून घ्या. आणि तालुक्याच्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर शांत बसा, खुल्या कोर्टात कुणालाही बसता येतं, फोन बंद ठेवा.

ज्यांना जज व्हायचंय त्यांनी एक लक्षात घ्या, मे 2025 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ज्युनियर डिव्हिजनच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीच्या न्यायाधीशाच्या, परीक्षेला तीन वर्षांची प्रॅक्टिस लागते, म्हणजे पास झाल्यावर कुठल्या सिनियरकडे बसणार ह्याचा विचारही आत्तापासून हवा, सुट्टीतली इंटर्नशिप त्यासाठीच वापरा.

शेवटी कागदपत्रं. डोमिसाईल, जात पडताळणी, नॉन क्रिमिलेयर, ह्यातलं एक जरी अडकलं तरी हातातली सीट जाते, आणि निकालानंतर सेतू केंद्रात तुफान गर्दी असते. ह्याच आठवड्यात अर्ज टाका आणि पावती जपून ठेवा.