ओएलईडी टीव्ही घेतला ना? मग या चुका टाळा

रात्री झोपताना टीव्हीचं मेन बटन बंद करायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, एलसीडीला त्याने काही होत नव्हतं, पण ओएलईडीला हेच महागात पडतं. यात मागे बॅकलाईट नसतो, प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजेड देतो. सेंद्रिय पदार्थाच्या पातळ थरांतून करंट गेला की तो चमकतो आणि जितका जास्त चमकला तितका झिजतो, त्यात निळा सगळ्यात लवकर. ही झीज सांभाळायला टीव्ही रिमोटने बंद केल्यावर पिक्सेल तपासून करंट ॲडजस्ट करतो, बऱ्याच मॉडेलमध्ये एकूण चारेक तास वापर झाला की हे आपोआप होतं. तुम्ही वीजच तोडली तर ते होणार कसं? म्हणून रिमोटनेच बंद करा, मेन चालू राहू द्या, वादळ-विजांची रात्र असली तर गोष्ट वेगळी.

दुसरी चूक म्हणजे दिवसभर एकच न्यूज चॅनल. लोगो आणि खालची पट्टी जागची हलत नाही, तिथले पिक्सेल जास्त झिजतात आणि मग सावली राहते. शंका आली तर खोलीत अंधार करून पूर्ण स्क्रीनवर एकसारखा करडा रंग लावून बघा. सावली दिसली आणि थोड्या वेळाने गेली तर काळजी नाही, राहिलीच तर तो बर्न-इन, आणि तो वॉरंटीत धरतात का ते घ्यायच्या आधीच नीट विचारा.

पांढरी स्क्रीन आली की उजेड कमी होतो म्हणून लोक सर्व्हिसवाल्याला बोलावतात, तो बिघाड नाहीये, पॅनल तापू नये म्हणून टीव्ही स्वतःच ब्राइटनेस उतरवतो.

आता नागपूरचं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि बऱ्याच टीव्हींच्या मॅन्युअलमध्ये ४० डिग्रीपर्यंतच चालवा असं लिहिलेलं असतं. पश्चिमेची तापणारी भिंत टाळा, मागे हवा खेळायला जागा ठेवा, नवतपात भर दुपारी ब्राइटनेस फुल नको. कूलरचा झोतही टीव्हीवर नको हो! पॅनलचे थर सीलबंद असतात, कारण त्यांना ओलावा आणि ऑक्सिजन अजिबात चालत नाही, पण मागच्या सर्किट बोर्डाला तसं संरक्षण नसतं.

पुसताना कोरडं मायक्रोफायबर, कोलिन डायरेक्ट स्क्रीनवर कधीच मारू नका.