चवदार तळ्याचा इतिहास जागेवर उभे राहून सांगताना

महाडचा सत्याग्रह नागरिकांना प्रत्यक्ष जागेवर नेऊन सांगायचा असेल, तर शिक्षकाने सुरुवात तळ्याच्या काठावरून करू नये. काठावर पोहोचताच सर्वांच्या नजरा पुतळ्याकडे वळतात आणि गोष्ट २० मार्च १९२७ या, बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे लोक तळ्याचे पाणी प्यायले त्या, एका दिवसातच अडकून पडते. त्याआधी गावात एखादी सावलीची जागा पाहून लोकांना बसवावे आणि सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात मांडलेल्या ठरावाबद्दल सांगावे. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांना वापरू द्याव्यात, असा तो ठराव होता. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्यानुसार तळे खुले केल्याचा ठरावही केला, तरीही पुढची तीन वर्षे त्या पाण्याला दलितांचा हात लागू शकला नाही. इथे थांबून ‘कागदावर हक्क होता, मग अडले कुठे?’ असे विचारावे आणि उत्तर देण्याची घाई करू नये. या शांततेला दिलेली पाच मिनिटे वाया जात नाहीत, असे माझे मत आहे.

त्यानंतर सर्वांना तळ्याकडे चालत न्यावे, कारण महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेचे प्रतिनिधीही २० मार्चला मिरवणुकीने चालतच गेले होते. त्यांच्या संख्येचे आकडे निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे आढळतात. त्यांतला सर्वांत मोठा आकडा टाळीसाठी वापरण्याचा मोह आवरावा. वाटेत रामचंद्र बाबाजी मोरे यांच्याविषयी अवश्य बोलावे. परिषद महाडला भरावी म्हणून खपलेला हा त्याच परिसरातला तरुण कार्यकर्ता शालेय भाषणांतून बहुधा गळतो, आणि स्थानिक इतिहास सांगणाऱ्याने तरी त्याला वगळू नये. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे आणि गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे स्पृश्य समाजातील सहकारीही नावानिशी सांगावेत.

सर्वांत अवघड भाग पाणी प्यायल्यानंतरचा आहे. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली, प्रतिनिधींना मारहाण झाली आणि पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. हे सौम्य करून सांगू नये. मात्र गावात आज राहणाऱ्या कोणत्याही घराण्याकडे बोट दाखवू नये, कारण ऐकणाऱ्यांत त्या घरातले कोणी असू शकते आणि त्यांनी शेवटपर्यंत थांबणे आपल्याला हवे असते. कोणी वृद्ध व्यक्ती घरात ऐकलेली आठवण सांगू लागली, तर तिला बोलू द्यावे, परवानगी घेऊन नोंद करावी, आणि पुढच्या वेळी सांगताना कागदात काय आहे व ऐकीव काय आहे, हे वेगळे ठेवावे.

काठावर मग उरलेली दहा वर्षे सांगावीत. नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद भरण्याआधी विरोधकांनी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. मंडपासाठी हिंदू मालकाची जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. तिथे २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, पण तळ्यावरचा सत्याग्रह मात्र बाबासाहेबांनी प्रतिनिधींची समजूत घालून तहकूब केला. लढायला तयार होऊन आलेल्या माणसांना हे किती जड गेले असेल, याचा विचार श्रोत्यांना करू द्यावा. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी निकाल दिला. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे वादींना, म्हणजे दावा लावणाऱ्या विरोधकांना, सिद्ध करता आले नाही, असे त्यात म्हटले आहे. निकालातील तेवढा भाग सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरांत छापून सर्वांना वाटावा आणि कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावा.

दीड तासाहून अधिक वेळ घेऊ नये. शक्यतो २० मार्चचा दिवसही टाळावा, कारण त्या दिवशी अभिवादनासाठी लोटणाऱ्या गर्दीत कोणालाही निवांतपणे प्रश्न विचारता येत नाही.