बी-स्कूलचा निबंध लिहिताय? सोलापूरकरांनो, या चुका टाळा

एमबीएच्या प्रवेशासाठीच्या जीमॅट परीक्षेचा स्कोअर चांगला आहे, कामाचा अनुभव आहे, घरच्यांचा पाठिंबा आहे आणि तरीही मुलाखतीचं बोलावणं येत नाही. अशा वेळी आधी आपला निबंध काढून वाचावा. सोलापुरातल्या मुलामुलींचे असे निबंध मी बरीच वर्षं वाचत आलोय. त्यातले बरेचसे एकाच जागी अडतात. सोलापूर दिसतं, वडील दिसतात, आजोबाही दिसतात, पण अर्ज करणारा माणूस शोधूनही सापडत नाही.

हा निबंध कुणाला लागतो, ते आधी सांगतो. राज्याची एमबीए सीईटी देऊन पुण्या-मुंबईच्या कॉलेजात जाणार असाल तर त्याची गरज नाही. कॅट देऊन आयआयएमच्या दोन वर्षांच्या कोर्सला जाताना बहुतेक ठिकाणी मुलाखतीच्या वेळी समोर बसून लिहायची चाचणी असते, तिची तयारी वेगळी. घरी बसून, शब्दमर्यादा सांभाळून लिहायचे निबंध लागतात ते हैदराबाद-मोहालीच्या आयएसबीला (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस), आयआयएम अहमदाबादच्या पीजीपीएक्ससारख्या अनुभवी लोकांच्या एकवर्षीय कोर्सना आणि परदेशातल्या जवळजवळ सगळ्या बी-स्कूलना.

वडिलांची गोष्ट सांगून थांबणं

सुरुवात ठरलेली असते. सोलापूर म्हणजे कापड गिरण्यांचं गाव, इथल्या चादरीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, आजोबा तेलंगणातून आले, चार मागांवर धंदा उभा केला, वडिलांनी तो वाढवला. 400 शब्दांतले 250 इथेच संपतात. घराबद्दलची ही माया खरी असते आणि ती लिहावीशी वाटणं मला पटतं. पण प्रवेश तुम्हाला द्यायचा का, हे समितीला ठरवायचंय आणि तुमच्याबद्दल तिच्या हाती काहीच लागत नाही.

समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत घरचा टॉवेलचा कारखाना आहे आणि मुलगी तिथलं काम बघते. ती लिहिते, ‘मी उत्पादनात सुधारणा करून खर्च कमी केला.’ वाक्य खरं आहे, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. खोदून विचारल्यावर कळतं की ऑर्डर 450 जीएसएमची होती, म्हणजे चौरस मीटरला 450 ग्रॅम. माल हलका ठरून परत येऊ नये म्हणून मागावर तो 470 पर्यंत जात होता. शंभर किलो सुतामागे चार किलोंहून जास्त सूत गिऱ्हाइकाला फुकट चाललं होतं. हिने प्रत्येक लॉटमधला तुकडा कापून वजन करायला सुरुवात केली आणि जॉबरला, म्हणजे माग लावून देणाऱ्या मिस्त्रीला, पाइलची (टॉवेलवरच्या धाग्याच्या फाशांची) उंची थोडी कमी करायला सांगितलं. जॉबर जुना, म्हणाला, ‘मालकांना विचारतो.’ वडीलही आधी नको म्हणाले, कारण एक कन्साइनमेंट परत आली तर वाचवलेल्या सुताचा हिशेब कुठल्या कुठे जातो. मग हिने दोनच मागांवर महिनाभर करून दाखवायचं ठरवलं.

निबंध इथे आहे. धोका कुठे होता, विरोध कुणाचा होता, लहान प्रयोग करायचं तिला का सुचलं, जॉबरला तिने कसं आपल्या बाजूला आणलं, हे तिच्याशिवाय दुसऱ्या कुणालाही लिहिता येणार नाही. चादरीच्या जीआयबद्दल मात्र गावातला कुणीही लिहील.

वडिलांशी झालेला मतभेद आपली मुलं हटकून गाळतात. बाबांना कमीपणा येईल, अशी भीती असते. ती मला समजते, पण त्यावर उपाय आहे. वडिलांचं म्हणणं त्यांच्या बाजूने, पूर्ण आदराने मांडा. माल परत येण्याची त्यांची भीती अनुभवातून आलेली होती, हे एका वाक्यात लिहा. त्याने वडील लहान होत नाहीत आणि समोरच्याची बाजू तुम्हाला समजते, हेही दिसतं. नोकरी करणाऱ्यांचं दुखणं याच जातीचं असतं. ‘आमच्या टीमने केलं’ असं लिहून ते स्वतः मागे राहतात. टीमचं श्रेय टीमला द्याच, पण त्यात तुमचा निर्णय कोणता होता, ते ठळकपणे सांगा.

कष्टांचं नुसतं वर्णन

आई बिड्या वळते, घर एका खोलीचं, अभ्यास रात्री. असं काही लिहूच नका, सहानुभूती मागितल्यासारखं दिसतं, असं सांगणारे क्लासवाले आहेत. मला ते मान्य नाही. ज्या घरातून आलात ते लपवायचं कारण नाही. फक्त त्या घरात तुम्ही काय करत होतात, ते लिहा. एखादी मुलगी शाळेत असल्यापासून आईचा हिशेब ठेवत असेल: पान-तंबाखू किती मिळालं, किती हजार बिड्या दिल्या, तपासणीत किती बाजूला काढल्या, हातात किती पैसे पडले. आज ती पुण्यात ऑडिटचं काम करत असेल, तर आकडा आणि माणसाची मजुरी यांचा संबंध तिला कुठे कळला, हे त्या चार ओळींत येतं. गरिबीवरचा स्वतंत्र परिच्छेद मग लागत नाही.

जे रोजचं आहे ते सांगायचं राहून जाणं

सोलापूरचा मुलगा घरी तेलुगू बोलतो, बँकेत मराठी, विजयपूरच्या व्यापाऱ्याशी कन्नड आणि गुजरातच्या सूत दलालाशी हिंदी. त्याला यात विशेष काही वाटत नाही, म्हणून निबंधात ते येत नाही. मोठमोठ्या कंपन्यांतली माणसं वेगवेगळ्या गटांना एकत्र काम करायला लावण्यासाठी झटत असतात आणि हा ते दहावीपासून करतोय! मात्र ‘मला चार भाषा येतात’ एवढं पुरेसं नाही. बोनसवरून कामगार काम थांबवून बसले होते, त्या दिवशी त्यांच्याशी तेलुगूत काय बोललात, ते सांगा.

याच्या उलट, जे आपल्याला उघड वाटतं ते बोस्टनच्या वाचणाऱ्याला माहीत नसतं. नळाला काही दिवसांआड पाणी येतं म्हणजे काय, जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा म्हणजे काय, हे अर्ध्या वाक्यात सांगून पुढे जा. त्यावर परिच्छेद खर्च करू नका.

‘सोलापूरला जगाच्या नकाशावर नेईन’

हे ध्येय मनापासून लिहिलेलं असतं, पण तपासता येत नाही. एमबीए संपल्याच्या दुसऱ्या दिवशी कुठल्या प्रकारच्या कंपनीत, कुठल्या टेबलावर बसणार? परदेशी रिटेल कंपनीच्या खरेदी विभागात काही वर्षं काढायची, गिऱ्हाईक दर आणि दर्जा कसा ठरवतो हे त्या बाजूने शिकायचं आणि मग घरच्या कारखान्यातून थेट त्यांना विकायचं, असं लिहिलं तर पायऱ्या दिसतात. पुढची पाच वर्षं घरचाच धंदा करायचा हे ठरलेलं असेल, तर कन्सल्टिंगचं खोटं स्वप्न लिहू नका. मुंबईच्या एसपीजेआयएमआरला आणि आयएसबीलाही घरच्या व्यवसायातल्या मुलांसाठी वेगळे कोर्स आहेत. तुमचं खरं उत्तर तिथे जास्त शोभेल.

‘हीच संस्था का?’ या प्रश्नाला माहितीपत्रकातली वाक्यं उत्तर म्हणून देऊ नका. संस्थेचं नाव खोडून दुसरीचं घाला. वाक्य तसंच उभं राहिलं तर ते काढा. कोर्सचा आराखडा आणि तुमची गरज जुळवून दाखवा. क्षेत्र बदलायचं असेल तर उन्हाळी इंटर्नशिप महत्त्वाची आणि बहुतेक एकवर्षीय कोर्सांत तिला जागा नसते. फ्रान्समधल्या इन्सियाड या बी-स्कूलचा जानेवारीचा प्रवेश त्याला अपवाद आहे, तिथे मधे सुट्टी मिळते. अशी बारीक माहिती ज्याने काढली, त्याने खरंच विचार केलाय, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

दादाचा गेल्या वर्षीचा निबंध

प्रश्न बदलतात. हार्वर्डने 2024 मध्ये आपला एकच मोकळा निबंध बंद करून तीन छोटे सुरू केले, 300, 250 आणि 250 शब्दांचे. स्टॅनफर्ड मात्र ‘तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय आणि का’ हे वर्षानुवर्षं विचारतंय. म्हणून त्या वर्षाचा प्रश्न संस्थेच्या साइटवरून घ्या आणि विचारलंय तेवढ्याचंच उत्तर द्या.

भाषा

जड इंग्रजी शब्द कोशातून काढून पेरलेला निबंध पहिल्या ओळीत ओळखू येतो. माझा सल्ला असा: आधी मित्राला ती घटना मराठीत किंवा तेलुगूत, जशी बोलता तशी सांगा आणि फोनवर रेकॉर्ड करा. जिथे मित्राने मधेच ‘मग?’ विचारलं, तिथून लिहायला घ्या. इंग्रजी साधं ठेवा, वाक्यं लहान ठेवा.

हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन पैसे देऊन निबंध लिहून घेणारे आहेत, एआयकडून लिहून घेणारेही आहेत. हे लिखाण माझं स्वतःचं आहे, असं अनेक संस्था अर्जातच कबूल करून घेतात. पुढे मुलाखतीत त्याच निबंधातल्या ओळीवर बोट ठेवून ‘हे कसं केलंत?’ विचारतात, तेव्हा उसन्या ओळीमागची गोष्ट सांगता येत नाही. दुसऱ्याकडून वाचून घ्या, व्याकरण तपासून घ्या, पण घटना आणि आवाज तुमचाच हवा.

राहिलेलं

बारावीला टक्के कमी पडले, इंजिनीअरिंगला विषय राहिले, मधे वर्षभर नोकरी नव्हती, तर ऐच्छिक निबंधात तीन-चार ओळींत सांगा: काय झालं, नंतर काय बदललं. विद्यापीठाला, शिक्षकांना दोष नको.

शिफारसपत्र वडिलांचं किंवा काकांचं चालत नाही, ते धंद्याचे मालक असले तरी. जुना खरेदीदार, सूत पुरवठादार, बँकेचा अधिकारी किंवा तुमचं काम जवळून पाहिलेले सीए यांना विचारा. तुम्ही निबंधात लिहिलेली घटना त्यांना आठवते का, हेही एकदा बोलून घ्या, कारण दोन कागदांत दोन वेगळ्या गोष्टी आल्या तर शंका येते.

परदेशातल्या बऱ्याच बी-स्कूलची दुसऱ्या फेरीची शेवटची तारीख जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांत असते, म्हणजे नेमकी गड्ड्याच्या तोंडावर. अमेरिकेतली वेळ तिथल्या घड्याळाने मोजतात, ते आपल्या वेळेत बदलून लिहून ठेवा. शिफारस करणाऱ्यांना दिवाळीच्या आधीच गाठा. दिवाळीनंतर व्यापारी माणूस लग्नसराईच्या मालात अडकतो.