बाळाचं आधार काढायचं का, आणि कधी?

बाळ जरा मान धरायला लागलं की घरात कोणीतरी विचारतंच, "आधार काढलं का गं?" आणि आपण लगेच सेंटर शोधायला लागतो. जरा थांबा. लहान मुलाचं आधार आईबाबांच्या संमतीशिवाय काढताच येत नाही, आणि २०१८ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की आधार नाही म्हणून मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही. म्हणजे ठरवायचं तुम्ही.

आधी जन्मदाखला नीट करा, खरं महत्त्वाचं तेच. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बाळाला जन्मतारखेचा पुरावा म्हणून तोच लागतो, आणि महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांचं नाव बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा क्रमाने लिहितात. दाखल्यावर बाळाचं नावच नसेल तर ते आधी टाकून घ्या.

माझ्या भाचीच्या दाखल्यावर श्रेया आणि आधारवर श्रीया झालं, ऑपरेटर भराभर टाइप करत होता, बहीण रडणारं बाळ सांभाळत होती, स्क्रीनकडे बघितलंच नाही, नंतर शाळेत नाव जुळेना आणि दुरुस्तीसाठी दोन खेटे पडले. म्हणून दोघं जा, एकाने बाळ धरायचं, एकाने मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग अक्षर अक्षर वाचायचं, मगच हो म्हणायचं.

आता घाई आहे का ते बघा. लसीकरणाला लागत नाही, अंगणवाडीच्या आहारासाठी आईचं आधार चालतं. शाळा मात्र मागे लागतात, कारण संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे हे सरकार ठरवतं तेव्हा, आधार व्हॅलिड असलेली मुलं मोजतात आणि त्यावर शिक्षकांची पदं ठरतात, मुख्याध्यापकांचे फोन येतात ते त्यामुळे. माझं मत, पहिल्या वर्षात धावपळ नको, शाळेच्या आधी निवांत काढा.

पाच वर्षांच्या आत बोटांचे ठसे, डोळ्यांचं स्कॅन काही घेत नाहीत, फक्त फोटो, आणि आई किंवा बाबाचं आधार व ठसा. नवीन नोंदणीला पैसे नाहीत, कोणी मागितले तर देऊ नका. पण पाच पूर्ण झाले की ठसे आणि डोळे द्यावेच लागतात, पंधराव्या वर्षी परत. पहिलं अपडेट पाच ते सातमध्ये फुकट होतं, सातनंतरही केलं नाही तर नंबर बंद पडू शकतो, मोबाईलमध्ये रिमाइंडर लावूनच ठेवा. मूल साडेचार वर्षांचं असेल आणि अडलं नसेल तर मी म्हणेन पाचवा वाढदिवस होऊ द्या, एक फेरी वाचते.

आणि मनात धाकधूक असेल तर हेही माहीत असू द्या, मूल अठरा वर्षांचं झालं की सहा महिन्यांच्या आत स्वतः अर्ज करून आधार रद्द करू शकतं, तशी तरतूद २०१९ पासून कायद्यात आहे.

जाताना मूळ दाखला न्या, बाळाची झोप आणि दूध झाल्यावरच निघा कारण फोटोत डोळे उघडे लागतात, आणि पावतीचा तिथेच मोबाईलवर फोटो काढून ठेवा, स्टेटस बघायला त्यावरचाच नंबर लागतो.