एडीएचडीचं निदान झालं, आता पहिला महिना कसा काढायचा

मुलाला एडीएचडी आहे (म्हणजे लक्ष टिकत नाही, चंचलपणा आवरत नाही), असा रिपोर्ट हातात पडला त्या रात्री मी पहाटे तीनपर्यंत गूगल करत बसले होते, तुम्ही ते करू नका. त्यापेक्षा डॉक्टरांना एकच विचारून घ्या, याच्यासोबत अजून काय आहे? लिहिण्या-वाचण्यातली अडचण म्हणजे एलडी, भीती, झोप, डोळे-कान, हे सगळं बघितलंय का? एलडीचं तर नक्की विचारा, कारण 2016 च्या दिव्यांग कायद्याच्या 21 प्रकारांच्या यादीत एलडी आहे, पण एडीएचडी एकटा असेल तर तो त्या यादीत नाही.

मूल 6 वर्षांच्या आतलं असेल तर सहसा गोळ्या आधी देत नाहीत, आईबापांचं ट्रेनिंग आधी. आमचे हे चिडले होते, त्रास त्याला आणि क्लास आपल्याला? पण खरंच फरक तिथूनच पडला. या मुलांना "नंतर" हा शब्द पोचतच नाही, जे काय असेल ते आत्ता. म्हणून किचनमधून "आवर रे लवकर" ओरडायचं बंद. जवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा, एकच गोष्ट सांगायची, "सॉक्स घाल", आणि घातले की त्याच क्षणी "वा, एका हाकेत घातलेस!" म्हणायचं. नुसतं "गुड बॉय" नको, काय चांगलं केलं ते बोला. फ्रिजवर स्टारचा तक्ता लावा, त्यात दोन-तीनच कामं, आणि बक्षीस त्याच संध्याकाळी, म्हणजे पत्त्यांचा एक डाव किंवा खाली खेळायला एक्स्ट्रा अर्धा तास. वार्षिक परीक्षेनंतर सायकल हे आमिष आमच्याकडे चार दिवसांत फुस्स झालं. अभ्यासाला 10-15 मिनिटांचा टायमर, मग उड्या, मग परत टायमर.

शाळेत भांडायला जाऊ नका (मी गेले होते, काही उपयोग झाला नाही). बाईंकडे तीनच गोष्टी मागा. पुढचा बेंच, तोही खिडकी-दारापासून लांब, मधेमधे वह्या वाटण्यासारखं उठायचं काम, आणि रोज डायरीत तीन टिकमार्क. ते टिक घरच्या तक्त्याला जोडा.

आता गोळ्या. मिथाइलफेनिडेट या एडीएचडीच्या गोळीवर कडक नियम आहेत, प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, चिठ्ठीची एक प्रत दुकानदार ठेवून घेतो, त्यामुळे गावाला जायच्या आधीच सोय बघा. साधी गोळी तासाभरात लागू पडते, साधारण चार तास टिकते. भूक मरते, म्हणून पोटभर नाश्ता गोळीच्या आधी आणि संध्याकाळी भूक परत आली की दणकून खायला द्या. घरात कुणाला हृदयाचा त्रास असेल तर सुरू करायच्या आधीच सांगा. अॅटोमॉक्सेटिन या दुसऱ्या औषधाचं वेगळं, त्याला काही आठवडे लागतात, आठवड्यात "काही उपयोग नाही" म्हणून बंद करू नका. आणि गोळी आपल्या मनाने अर्धी करायची नाही, शेजारच्या काकू "सवय लागेल हं" म्हणाल्या तरी नाही, शंका डॉक्टरांनाच विचारा.

साखर बंद केली की एडीएचडी जातो असंही काही नसतं, उगाच आजीच्या लाडवांवर राग काढू नका.

एक वही करा, त्यात गोळीची वेळ, झोप, जेवण, शाळेचे टिक रोज एका ओळीत आणि महिन्याला वजन-उंची. फॉलोअपला तीच न्या, नाहीतर डॉक्टर "कसं चाललंय" विचारतात आणि आपल्याला फक्त कालचं भांडण आठवतं.